जाताना कानडी, येताना मराठी

सोलापूर, बाळीवेस
संक्रांतीच्या आधीचा सोमवार, दुपार

प्रिय अक्का,

पाय गरम पाण्याच्या घमेल्यात सोडून बसले आहे आणि मांडीवर पाट घेऊन तुला लिहिते आहे. पाण्यात मूठभर मीठ टाकलंय. सूनबाई दोनदा डोकावून गेली, सासूबाईंना काय झालं म्हणून. काही झालेलं नाही. आज मी चालून आले. होय, मीच! तुझ्याच वाटेनं, साखर पेठेतनं तळ्यापर्यंत आणि परत. आणि कुणाबरोबर चालले ते ऐकलंस तर तू पोट धरून हसशील. त्या नरसव्वाबरोबर.

म्हणून आजच लिहायला बसले. उद्यापर्यंत थांबले तर राग निवेल, आणि राग निवला की मी तुला खरं सांगणार नाही. तुला वाचता येत नव्हतं, हे काय मला ठाऊक नाही? मला कडेवर घेऊन तू शाळेच्या पायरीपर्यंत यायचीस आणि तशीच माघारी जायचीस, भाकरी थापायला. आई नव्हती, दुसरं कोण थापणार होतं? तिथं कुणी वाचून दाखवणारं भेटलं असेल तर घे वाचून. फक्त ती बाई तेलुगू नसावी, एवढं बघ.

आणि बघ, सारा जन्म आपण कानडीत बोललो, भांडलो, आणि पत्र मात्र मराठीत. काय करू? शाळा मराठी होती. कानडी बोलायची, मराठी लिहायची, आपल्या घराची रीतच ती.

आधी माझी तक्रार ऐक. तू म्हातारी का झाली नाहीस?

सात वर्षांनी मोठी तू! तरी मागच्या उन्हाळ्यात मला चक्कर आली आणि तू मला टांग्यात घालून दवाखान्यात नेलंस, तेव्हा डॉक्टर काय म्हणाले, आठवतं? "बरं झालं, धाकट्या बहिणीला बरोबर आणलंत." माझ्याकडं बघून म्हणाले! तू पदर तोंडाला लावून हसलीस, आणि मला वाटलं, नाडी मोजायचं या माणसाचं घड्याळच फेकून द्यावं. घरी येऊन तू ती गोष्ट सगळ्यांना सांगितलीस. आमच्या घरच्यांना सांगितलीस, सुनेला सांगितलीस, आमच्या दुकानातल्या हमालाला सुद्धा सांगितलीस. मी तीन दिवस तुझ्याशी धड बोलले नव्हते. तुझ्या ते ध्यानातही आलं नाही.

तुझी पाठ ताठ, तुझे दात जागेवर, ताटातली शेंग तू दातानं फोडायचीस. माझे दात काढून कवळी बसवली, ती रात्री पेल्यात बुडवून ठेवायची आणि सकाळी उठल्याउठल्या तिचं तोंड बघायचं. आरशावर मी टॉवेल टाकून ठेवला होता. सूनबाईला वाटलं वाळत टाकलाय, ती रोज घडी करून ठेवायची आणि मी रोज परत टाकायची.

आणि ती बिचारी चांगली आहे, तेच तर वाईट आहे. भांडायलाही जागा नाही. कडक भाकरी करायला बसले की म्हणते, "राहू द्या की आत्या, हात भाजंल तुमचा." चाळीस वर्षं न भाजलेला हात आता भाजेल! दुकान मुलाच्या हातात गेलं, तर ह्यांना निदान गादीवर टेकून गिऱ्हाइकांशी बोलता येतं. मला काय आहे? दुपारी भिंतीकडं तोंड करून पडायचं आणि झोप लागली नाही तरी डोळे मिटून राहायचं.

तू यायचीस दुपारी. हातात शेंगाचटणीची पुडी, तोंडावर हसू. "तंगी, ऊठ!" धाकट्या बहिणीला आपण तंगीच म्हणतो, पण तू भर बाजारात ओरडायचीस आणि मराठी बायका वळून बघायच्या, हिला कसली तंगी आली म्हणून. तू आलीस की घर हलायचं. म्हातारपणाची तू नक्कल करायचीस, वाकून चालून दाखवायचीस, माझ्या कवळीला नावं ठेवायचीस. मी हसायची आणि तू गेलीस की मनात म्हणायची, हिला नक्कल करायला काय जातं? हिला काय झालंय?

तेव्हाच तू म्हणाली होतीस, "चल की गं माझ्यासंगं सकाळी. पाय हलवले की मन बी हलकं होतंय."

मी म्हटलं, "माझं मन काय जड हाय व्हय?"

तू माझ्याकडं नुसतं बघितलंस. मग म्हणालीस, "मला काय ठावं."

मी आले असते, अक्का. खरंच आले असते. पण तुझ्याबरोबर ती असायची ना!

ती बुटकी, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, अंगाला तंबाखूचा वास. तुझ्या भिंतीला भिंत लावून राहणारी. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या, पाठीचं लाकूड होतं, म्हणून पहाटे पाय मोकळे करायला निघायची. तुझे मालक गेले त्या वर्षी तू तिच्यामागं निघालीस. आणि मग सुटलीच नाहीस. ऊन, पाऊस, संक्रांतीतली गड्ड्याची यात्रा, कशानंच खंड नाही. दुष्काळाच्या साली आम्ही रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी मोडत बसलो होतो, गावात प्यायला पाणी नव्हतं, आणि तुम्ही दोघी निम्मं आटलेलं तळं बघायला रोज निघालेल्या! लोक मला येऊन सांगायचे, "तुमची अक्का दिसली हो, त्या तेलुगू पद्मशाली बाईबरोबर." काय गरज होती मला सांगायची?

मी तुझ्या घरी पहिल्यांदा तिची हाक ऐकली तो दिवस अजून आठवतो. भिंतीपलीकडून आवाज आला, "अक्का, ओ अक्का!" माझ्या हातातला कप तसाच राहिला. माझी अक्का, ही कोण अक्का म्हणणारी? तुला विचारलं तर तू म्हणालीस, "तेलुगूत बी थोरल्या भनीला अक्काच म्हनत्यात. म्हनू दे की. त्यात माझं काय झिजतंय?"

तुझं नव्हतं झिजत. माझं झिजत होतं.

मला रोज वाटायचं, ह्या दोघी एवढं काय बोलत असतील? इतकी वर्षं, रोज एवढी वाट! नवरे नाहीत दोघींना, कामं तीच, पेठ तीच, बोलायला असतं काय? मग मीच उत्तर द्यायची: मी. माझ्यावर बोलत असतील. माझी कवळी, माझं पडून राहणं, माझा स्वभाव. तू माझी नक्कल तिच्यासमोर करून दाखवत असशील आणि ती चमक्या हलवत हसत असेल. तुला पुष्कळदा विचारावंसं वाटलं. विचारलं असतं तर तू दुकानातल्या हमालापर्यंत सगळ्यांना सांगितलं असतंस.

आणि मग श्रावणात तू गेलीस. गेलीस तीसुद्धा चालून आल्यावर! पायरीवर बसलीस, पाणी मागितलंस, दोन घोट प्यालीस आणि आडवी झालीस. अंथरूण नाही, औषध नाही, कुणाला उठबस नाही. सगळे म्हणाले, असं मरण यावं. मीही म्हणाले. मनात म्हटलं, इथंही हिनंच पुढं जावं!

पण ते पाणी तिनं दिलं. माझा निरोप येईपर्यंत, मी टांग्यातनं उतरेपर्यंत तुझं सगळं झालं होतं. शेवटचं पाणी नरसव्वाच्या तांब्यातलं. अक्का, हे मला अजून गिळता येत नाही. तुझा मुलगा म्हणाला, "मावशी, नरसव्वा होती म्हणून तर." आपल्या रीतीनं तुला बसवलं होतं, कपाळाला विभूती लावली होती, आणि ती बाई तुझ्या पायाशी बसून असा टाहो फोडत होती, की आलेल्या बायका तिलाच धीर देत होत्या. मला कुणी विचारलं नाही. मला रडू आलंच नाही, ते तसंच आत राहिलं.

तुला माती दिल्यावर मी पार बसले. अंघोळीला उठायची नाही, केसांना तेल नाही. डॉक्टर आले, टॉनिक लिहून दिलं, म्हणाले, "वय झालं की असं होतं." ह्यांनी ती बाटली कपाटावर ठेवली, ती अजून तिथंच आहे. हे रोज म्हणायचे, "आगं, दारात तरी बस की. येणारं जाणारं दिसंल." मला कुणीच बघायचं नव्हतं. मला वाटायचं, पुढं आता हेच. आज हात भाजेल म्हणतात, उद्या पाय घसरेल म्हणतील, परवा बोलू नका, दम लागेल म्हणतील. म्हातारपण असंच येत असेल, एकेक वस्तू हातातनं काढून घेत.

आणि एके दिवशी पहाटे गिरणीचा भोंगा झाला आणि खिडकीच्या फटीतनं बघते तर नरसव्वा दारात उभी!

हाक नाही, कडी वाजवणं नाही. नुसती ओट्याच्या कडेला उभी, अंगावर जुनी चादर. थोडी थांबली, खोकली, गेली. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. साखर पेठेतनं बाळीवेशीत यायचं म्हणजे तिला किती वाकडी वाट, सांग! सूनबाई म्हणाली, "आत्या, त्या तुमच्यासाठी येत्यात." मी म्हटलं, "माझ्यासाठी कशाला येईल? तिला अक्काची सवय लागली, आता माझ्यावर भागवायला बघतीय." मी रोज भोंग्याआधी उठून फटीपाशी बसायची, तिला बघायला, आणि दार काही उघडायची नाही. ती उभी राहायची, मी आत बसायची. दसरा गेला, दिवाळी गेली, थंडी पडली, तरी हेच.

आज भोंगा झाला आणि ती आली नाही.

मला बरं वाटायला हवं होतं की नाही? मी फटीला डोळा लावून बसले. दूधवाला गेला, झाडणारी गेली. ती नाही. आणि माझ्या मनात काय आलं, सांगू? आजारी असेल, पडली असेल, असं काही आलं नाही. मनात आलं, आता ही कुणाला घेऊन फिरतीय? तुझ्या वाटेवर, तुझ्या जागेवर, दुसरी कोण चालवलीय हिनं?

मी चादर ओढली, चपला घातल्या आणि दार उघडलं. हे दात घासत होते. "कुटं निघालीस?" मी म्हटलं, "साखर पेठेत." तोंडातला फेस तसाच, म्हणाले, "टांगा सांगू का?" मी म्हटलं, "पाय हायत की मला!"

अर्ध्या वाटेवर कळलं, पाय आहेत पण माझं ऐकायची त्यांना सवय राहिली नाही. गुडघा बोलायला लागला. छाती भरून आली. एका ओट्यावर टेकले, तर आतनं माग सुरू झाल्याचा आवाज येत होता आणि बाहेर बांबूवर रंगवलेलं सूत वाळत घातलं होतं, लाल आणि पिवळं. किती दिवसांनी मी सकाळ बघत होते! पण तेव्हा माझं लक्ष त्यात नव्हतं. मी भांडायला निघाले होते.

ती आपल्या दारात बसली होती. एकटी. समोर भिजलेल्या तेंदूच्या पानांचा ढीग, हातात कात्री, मापाचा पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कापत होती.

मी म्हटलं, "काय गं, आज आली न्हाईस?"

तिनं वर बघितलं. "तुमाला कसं कळलं? तुमी तर दारच उघडत न्हाई."

अक्का, माझी अशी फजिती झाली! मी काहीतरी बोलले, सूनबाईनं सांगितलं वगैरे. ती हसली नाही. म्हणाली, "काल पानं लई वली मिळाली. आज कापली न्हाई तर काळी पडत्यात." मग तिनं पानांवर ओलं गोणपाट टाकलं, कात्री आत ठेवली, गुडघ्यावर हात देऊन उठली. "चला."

"मी चालायला आले न्हाई," मी म्हटलं. "मला एक विचारायचंय."

"वाटंत इचारा की."

आणि ती निघाली सुद्धा. काय करणार? गेले मागं. ती पुढं, मी मागं, आणि तिच्या पाठीकडं बघत मी विचारलं, जे इतकी वर्षं घशात होतं ते. "अक्का तुला माझ्याबद्दल काय सांगायची?"

ती थांबली. मला बरोबर येऊ दिलं. म्हणाली, "जाताना काय सांगायची ते मला काय ठावं? जाताना ती कानडी बोलायची."

मला कळलंच नाही. म्हटलं, "तुला कानडी येतं?"

"न्हाई की."

"मग?"

"मग काय. ती कानडी बोलायची, मी तेलुगू बोलायची. तिला माझं कळायचं न्हाई, मला तिचं कळायचं न्हाई. तळ्यापतुर. येताना मराठी."

अक्का! मी रस्त्यात उभी राहिले. मागनं सायकलवाला घंटी वाजवत शिव्या देत गेला. इतकी वर्षं तुम्ही दोघी रोज, एकमेकींचं एक अक्षर न कळता बोलत होतात? आणि मी इकडं माझ्या बदनामीचा एकेक शब्द मनात रचत बसले होते!

"वेड्या काय गं तुमी?" मी म्हटलं.

ती म्हणाली, "बरं वाटायचं. कळलं तर समोरचं माणूस कायतरी म्हनतंय. असं कर, तसं कर, देवाचं नाव घे. हितं तसं न्हाई. बोलायचं, चालायचं."

होम मैदानावर गड्ड्याची तयारी चाललीय. पाळण्याचे खांब रोवत होते, पत्र्याची दुकानं उभी राहत होती. त्याला वळसा घालून तळ्यावर गेलो. तुझं ते काठावरचं बारकं लिंग, लिंबाखालचं, गावातल्या अडुसष्ट लिंगांतलं एक, तिथं नरसव्वा थांबली. नमस्कार केला. मी पुढं जायला लागले तर माझा पदर धरला. "अक्का म्हनायची, शंकराला अर्धीच फेरी. हितनं मागं फिरायचं." शंकराच्या देवळात अभिषेकाचं पाणी ओलांडत नाहीत, आल्या वाटेनं माघारी वळतात, हे तूच मला बोट धरून शिकवलंस. आणि आज ते ती मला सांगत होती.

मग तिनं शेजारच्या नळाकडं बोट केलं. "हितं तोंड धुवायची."

"कशाला? घरनं धुऊन निघत नव्हती व्हय?"

"रडून झाल्यावर," नरसव्वा म्हणाली.

तिनं ते असं सांगितलं, जसं कुणी सांगावं, इथं ती पान खायची. तू रडायचीस? रोज नाही, ती म्हणाली, पण पुष्कळदा. बोलता बोलता आवाज बदलायचा, मग इथं बसायचीस, मग नळावर तोंड धुवायचीस, पदरानं पुसायचीस आणि उठून मराठीत म्हणायचीस, "चल. ज्वारी काय भावानं मिळाली तुला?"

आणि तेच धुतलेलं तोंड घेऊन तू दुपारी माझ्याकडं यायचीस? चटणीची पुडी, आणि म्हातारीची नक्कल?

अक्का, मला तुझा इतका राग आला! तुझं हसणं सगळं माझ्या दारात ओतलंस आणि रडणं नेऊन तिला दिलंस, जिला त्यातलं काही कळत नव्हतं. मला कानडी येते. मी तुझ्याच मांडीवर शिकले ती. मला रडणं हवं होतं तुझं. मला सांगितलं असतंस तर मी काय म्हटलं असतं? ... बरं, ठीक आहे. म्हटलं असतं काहीतरी. घाबरले असते, डॉक्टर आणला असता, तुझ्या मुलाला बोलावून तमाशा केला असता. हे मला आज तिथं बसल्यावर कळलं, पण तू एकदा सांगून तर बघायचं होतंस.

नरसव्वा लिंबाच्या मुळाशी टेकली होती. म्हणाली, "तुमचं नाव रोज यायचं. नंदा, नंदा. नाव कळतंय की, कुठल्या बी भाषेत."

"हसून यायचं का रडून?"

"कदी हसून, कदी कपाळावर हात मारून." मग तिनं तोंड फिरवलं. "आन् येताना तर निस्तं तुमचंच. नंदाला आमसुलाचं सार आवडतंय, नंदा जेवली नसंल, नंदानं दार लावून घेतलं असंल. मला लई राग यायचा. वाटायचं, हिला दुसरं कोन हाय का न्हाई!"

तिला राग यायचा! माझा! अक्का, खोटं कशाला सांगू, तुझ्या माघारी मला पहिल्यांदा इतकं बरं वाटलं. मी तिला परत विचारलं, आणखी काय काय म्हणायची? ती सांगत गेली, आणि मी तिथं त्या थंडीत बसून सगळं घेतलं.

उठताना ती म्हणाली, "तुमाला एक इचारू? अक्काचा एक शब्द होता. जाताना रोज म्हनायची. त्यो काय मला कुणाला इचारता आला न्हाई."

"कुठला?"

ती आठवून, नीट जुळवून म्हणाली, "ब्यासरा."

तळ्यावरनं गार वारा येत होता. मला तो शब्द तुझ्या आवाजात ऐकू आला. लहानपणी आई गेल्यावर पावसाळ्यात तू चुलीपुढं बसून एकदा म्हणाली होतीस, त्यानंतर मी कधी तुझ्या तोंडून ऐकला नाही. ब्यासरा. कशात जीव रमत नाही, मन उठून गेलंय, नको वाटतंय सगळं. मी भिंतीकडं तोंड करून दुपारभर जे घेऊन पडायची, ते. मला त्याचं नाव कुणासमोर घेता आलं नव्हतं, आणि तू रोज सकाळी साखर पेठेतनं तळ्यापर्यंत ते मोठ्यानं म्हणत जात होतीस.

म्हणजे तुलाही होतं. ताठ पाठीच्या, शेंगा फोडणाऱ्या, माझी धाकटी दिसणाऱ्या तुलाही! आणि "चल की गं माझ्यासंगं" म्हणालीस ते उगाच नव्हे. तुला ओळखू आलं होतं माझ्या तोंडावर. तरी एक शब्द बोलली नाहीस.

नरसव्वा वाट बघत होती. "काय म्हंजे?"

आणि मी काय केलं, ठाऊक आहे? सांगितलं नाही. मी म्हटलं, "काय न्हाई. दमले, असं."

तिनं मान हलवली. "बरोबर हाय. रोज दमायची. आन् तरी यायची."

खोटं तर खोटं! तिच्याकडं तुझी इतकी वर्षं आहेत, तुझी वाट आहे, तुझं रडणं आहे, तुझं शेवटचं पाणी आहे. हा एक शब्द मी माझ्याजवळ ठेवला. तुला राग आला तर येऊ दे.

येताना ती मराठीत बोलत होती, पानांचा दर्जा, नातीची शाळा, विड्यांच्या कारखान्यात वाईट म्हणून मोडून टाकतात त्या विड्या. मी हूं हूं करत होते. गुडघा दुखत होता, पण जातानाइतका नाही. तिच्या दारात आल्यावर ती पटकन गोणपाट उचलून पानं बघायला गेली, काही काळी पडली होती. तिनं ती बाजूला काढली. मी म्हटलं, "माझ्यामुळं गेली." ती म्हणाली, "जात्यात."

घरी आले तर मला भूक लागली होती. कवळी घातली आणि दोन भाकरी खाल्ल्या, सुनेच्या देखत. ह्यांनी विचारलं, "जमलं का?" मी म्हटलं, "न जमायला काय झालं?" आणि मग पाय असे चढले की हे घमेलं मागवलं.

पाणी आता निवालंय, आटोपतं घेते. हात पण दुखायला लागला.

एक सांगून ठेवते, आणि हे मी पाळणार आहे. उद्या भोंगा झाला की मी पायरीवर असेन, ती यायच्या आधी. तिला वाकडी वाट पडते, म्हणून परवापासून मीच तिच्या दारात जाईन. लिंबापर्यंत जायचं आणि वळायचं, तुझ्यासारखंच. येताना मराठीत तुझंच बोलत येईन, तिला कितीही राग येऊ दे. त्या शब्दाचा अर्थही मी तिला सांगेन, अक्का, एखाद्या दिवशी नक्की सांगेन. पण इतक्यात नाही.

आणि जाताना मी कानडीत बोलणार आहे. कवळीपासून ते भिंतीपर्यंत सगळं, मोठ्यानं. तिला काही कळणार नाही. तू ऐक.

तुझी तंगी,
नंदा